पारव्याचे श्वास

दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत ती तोंड उघडून पडली होती, गालात कापसाचा बोळा होता, आणि डोक्यावरचा दिवा डोळ्यांत येत होता म्हणून तिने डोळे मिटून घेतले होते. कोपऱ्यातल्या लहानशा स्पीकरवर गाणी चालू होती. पहिलं गाणं संपता संपता तिने ते ओळखलं. ते तिच्या घरच्या जुन्या रेकॉर्ड कंपनीचं गाणं होतं. इतक्या वर्षांनी, भलत्याच ठिकाणी, औषधाच्या वासात. गाणं संपलं, पुढचं अजून सुरू व्हायचं होतं, मध्ये ती ठरावीक शांतता आली आणि तिने सवयीने श्वास धरून ठेवला. तेव्हाच डॉक्टरांची मदतनीस मुलगी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "एवढा मोठा श्वास घेऊ नका, काकू. काही दुखणार नाही." तिला बोलता येत नव्हतं. बोलता आलं असतं तरी काय सांगणार होती? की बाई गं, मी श्वास घेतलाच नाही. तू जो ऐकलास तो माझा नव्हता.

बाहेर पडली तेव्हा अर्धा जबडा बधिर होता. रस्त्यावर उन्ह होतं, समोरच्या दुकानात एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता, सगळं जसंच्या तसं होतं. तिला मात्र पाय टाकताना फरशी तपासावीशी वाटत होती. त्या मुलीने ऐकलं. त्या मुलीला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, तिचं वय पाहता ते गाणं निघालं तेव्हा तिची आईसुद्धा शाळेत असेल, आणि तिने ऐकलं. एका बाकावर ती बसली. गालावर हात ठेवला तर गाल दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. आपल्याला बरं वाटायला हवं, असं तिने स्वतःला बजावून पाहिलं. आयुष्यभर लोक म्हणत आले, हिच्या कानात बिघाड आहे. मग तीही म्हणत आली. त्या बिघाडाभोवती तिने सगळा संसार मांडला होता, एकटीचा का होईना. आता तो बिघाडच नव्हता म्हणावं, तर मग हे सगळं कशाभोवती उभं आहे?

वडिलांचं काचेचं दुकान होतं. वर काचा कापायच्या, खाली तळघरात मोठमोठ्या तावदानी काचा लाकडी घोड्यांना टेकून उभ्या असायच्या. दादाने त्या तळघरात पहिल्यांदा गिटारवाल्या पोरांना आणलं तेव्हा ती कॉलेजात होती. ढोलाचा पहिला ठोका पडला आणि सगळ्या काचा एकदम शहारल्या. दादाचा मित्र, ज्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, तो रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने कुठूनतरी मोडीत निघालेलं टेपचं मोठं यंत्र आणून चालू केलं होतं. त्याने गोणपाटं टांगली, गाद्या उभ्या केल्या, तरी काचांचा तो बारीक किणकिणाट काही जाईना. शेवटी दादा म्हणाला, राहू दे, हाच आपला आवाज. कंपनीचं नाव 'तडा' ठेवलं. रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर एक वाकडी रेघ असायची, ती तिनेच काढलेली. वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, "मी जन्मभर तडा जाऊ नये म्हणून जपतोय, आणि माझी कार्टी तडाच विकायला निघालीत." पण सांगताना हसायचे, आणि खाली मोठा आवाज असला की काच कापायचं काम थांबवून जिन्यात येऊन बसायचे.

मोठ्या कंपन्या त्या पोरांना दारात उभं करत नव्हत्या. त्यांना गोड गळे हवे होते, आणि ही पोरं ओरडायची. दादा पिशवीत रेकॉर्डी भरून सायकलच्या दुकानांत, न्हाव्यांकडे, कॉलेजांच्या फाटकांशी जाऊन विकायचा. त्याच्या जिभेवर तीळ होता म्हणा किंवा काय म्हणा, ज्याच्या घरी वाजवायला यंत्र नाही तोही रेकॉर्ड घेऊन जायचा. तिचं काम वेगळं होतं. कारखान्यातून नमुन्याची पहिली रेकॉर्ड आली की ती तळघराच्या कोपऱ्यात कानांवर हेडफोन चढवून बसायची. कुठे खरखर आहे, कुठे आवाज फाटला, कुठे दोन गाण्यांच्या मध्ये कुणाची खुर्ची सरकली, ते तिला लगेच कळायचं. तिने मान हलवली की रेकॉर्ड निघायची. नाही हलवली तर नाही. सगळे तिला 'कान' म्हणायचे. "कानाला विचारा," असं दादा वाजवणाऱ्यांना सांगायचा, आणि ते दांडगे केसाळ मुलगे तिच्यासमोर परीक्षेला बसल्यासारखे उभे राहायचे.

पारवा त्यांचा पहिला गायक. त्याचं खरं नाव त्याच्या आईखेरीज कुणी घेत नसे. गाण्याआधी तो मान पुढेमागे करायचा, म्हणून पारवा. दिवसा तो एका इस्पितळात लिफ्ट चालवायचा. "लिफ्टमध्ये शिरलं की माणसं श्वास धरतात," त्याने एकदा तिला सांगितलं होतं. "मजला आला की सोडतात. काहींचा मजला येतच नाही, त्यांचा मी धरून ठेवतो." तो असं काहीतरी बोलायचा आणि मग इतका साधा चेहरा करून चहा मागायचा की हसावं की घाबरावं तेच कळू नये. गाण्याची ओळ सुरू करण्याआधी तो एक मोठा श्वास आत ओढायचा. मोठा म्हणजे इतका की मिस्त्रीच्या यंत्रावरचा काटा हलायचा. मिस्त्री टेप कापायचं ब्लेड घेऊनच बसला होता, म्हणाला हा श्वास कापून टाकू, ऐकायला बरं नाही वाटत. तिने नको म्हटलं. तो गाण्याचाच भाग आहे, तो काढला तर गाणं हवेत लोंबकळेल, असं ती भांडून म्हणाली, आणि पारव्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. पुढे कार्यक्रमांत असं व्हायला लागलं की तो माइकशी आला, मान हलवली, आणि श्वास घेतला, की समोरची सगळी गर्दी त्याच्याबरोबर श्वास घ्यायची. अंधारात इतक्या छात्या एकदम फुगल्याचा तो आवाज. तिला तेव्हाही तो फार आवडायचा नाही. अंगावर काटा यायचा. पण ती प्रत्येक वेळी पुढच्या रांगेत असायची, हेही खरं.

त्याच्या दुसऱ्या रेकॉर्डची तयारी चालू होती आणि तो यायचा बंद झाला. एक दिवस, मग आणखी काही दिवस. मग त्याची आई दुकानात आली. वडिलांनी तिला स्टूल दिलं. ती गिऱ्हाइकासारखी पिशवी मांडीवर धरून बसली आणि दादाला विचारत राहिली, "तुमच्याकडे नाही आला?" दादा म्हणाला, "नाही हो मावशी. बरेच दिवस झाले." इस्पितळात त्याचा कामाचा कोट लिफ्टमधल्या स्टुलावर घडी करून ठेवलेला सापडला होता, एवढंच. पोलीस येऊन गेले. तो कुठे सापडला नाही, जिवंत नाही आणि तसाही नाही. दुसरी रेकॉर्ड राहूनच गेली. पारव्यात आणि तिच्यात काही होतं का, असं नंतर एकदोघांनी आडून विचारलं. व्हायच्या बेतात होतं, असं काही असतं का?

मग एका शाळामास्तरांचा बँड आला. मास्तर आणि त्यांचे जुने विद्यार्थी. चांगले होते, मोकळे, हसरे, त्यांच्या गाण्यांत कुठेही अंधार नव्हता. त्यांच्या रेकॉर्डचा नमुना आला, ती कोपऱ्यात बसली, पहिलं गाणं संपलं, आणि मधल्या शांततेत तिने पारव्याचा श्वास ऐकला. तिने हेडफोन काढून मागे पाहिलं. पुन्हा लावला. दुसऱ्या गाण्यानंतर पुन्हा. तिने मान हलवली नाही. दादाने कारखान्याला परत पाठवली. पुन्हा नमुना आला, पुन्हा तेच. मिस्त्रीने ऐकलं, दादाने ऐकलं, मास्तरांनी तर डोळे मिटून हात जोडल्यासारखं करून ऐकलं. कुणालाच काही ऐकू आलं नाही. "कशाचा श्वास?" दादाने विचारलं. "पारव्याचा," ती म्हणाली. दादाचा चेहरा पांढरा पडला, असं तिला आठवतं. तेव्हा वाटलं होतं, बहिणीच्या काळजीने पडला असेल.

पुढच्या रेकॉर्डवरही होता. त्याच्या पुढच्याही. बँड बदलले, गाणी बदलली, श्वास मात्र दोन गाण्यांच्या मधल्या फटीत बसून राहिला. ती एकही रेकॉर्ड पुढे जाऊ देईना. वाजवणारे चिडून निघून जायला लागले. दादा तिला आधी कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला आणि मग दुसऱ्या डॉक्टरकडे, ज्यांच्या दवाखान्यावर कसले डॉक्टर ते लिहिलेलं नव्हतं. ते फार सौम्य बोलायचे. म्हणाले, गेलेलं माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर राहतं, कुणाच्या कानांत. गोळ्यांनी झोप यायची, तोंड कोरडं पडायचं आणि श्वास जरा दूर जायचा, पण जायचा नाही. शेवटची रेकॉर्ड दादाने तिला न ऐकवताच काढली. त्यावर घरात काही भांडण झालं नाही. ती उठून गेली, बस. 'तडा' त्यानंतर आपोआप बंद पडली, पुढे वडील गेले, दुकान दुसऱ्याने घेतलं. तिने रंगाच्या दुकानात नोकरी धरली. गिऱ्हाईक भिंतीचा टवका आणून द्यायचं आणि ती तंतोतंत तीच छटा घोटून द्यायची. तिथे कानांचं काही काम नव्हतं. तिथे ती म्हातारी झाली. दादाकडे जाणं-येणं राहिलं, जेवणं झाली, दादाची मुलगी तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. पण कंपनीचा विषय निघाला की दोघंही पाणी प्यायला उठायची.

बाकावर बसल्या बसल्या तिने त्या भाचीलाच फोन लावला. भाची आता आवाजाचंच काम करायची, सिनेमांना आवाज लावायचं. 'तडा'ची जुनी गाणी शोधून, साफ करून तिनेच पुन्हा लोकांसमोर आणली होती, आणि नव्या मुलांनी ती एकदम डोक्यावर घेतली होती. आत्याला मात्र तिने त्यातलं काही ऐकवलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, आत्याला ती गाणी ऐकवायची नसतात.

"काय गं, दात काढला का?" भाचीने विचारलं. तिने बधिर तोंडाने कसंबसं सांगितलं, दवाखान्यात काय झालं ते. पलीकडे भाचीने खोलीचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आत्या, मी तुला सांगणारच होते. कसं सांगू तेच कळत नव्हतं. तू इकडेच ये."

भाचीची खोली छोटी होती, भिंतींना करडा कापडी थर, आणि दार लावलं की बाहेरचं जग कुणीतरी चिमटीत धरून उचलून नेल्यासारखं व्हायचं. टेबलावर एक जुनं रीळ होतं. मिस्त्रीचं सगळ्यात चांगलं रीळ, तिने पाहताक्षणी ओळखलं. प्रत्येक रेकॉर्डची गाणी शेवटी त्याच रिळावर ओळीने लावून कारखान्यात जायची. परत आलं की मिस्त्री ते पुसायचा आणि पुढच्या रेकॉर्डला वापरायचा. नवीन घ्यायची कुणाची ऐपत होती? भाची म्हणाली, हे बाबांच्या माळ्यावर सापडलं. यावर शेवटच्या रेकॉर्डची गाणी आहेत. पण त्यांच्या खाली, पुसलेल्या गाण्यांच्याही खाली, अगदी तळाशी काहीतरी आहे. मिस्त्रीकाकांचं यंत्र नीट पुसत नसणार. "एवढ्या वेळा पुसल्यावर काही राहायला नको खरं तर," ती म्हणाली. "दोनदा पुसलं तरी जातं. पण आहे. आणि वर काढावं तसं जास्तच स्पष्ट होतंय."

भाचीने बटण दाबलं. आधी नुसता खळखळाट, दुरून पाणी वाहावं तसा. त्यातून श्वास आला. मोठा, सावकाश, आत ओढलेला. मग थोडी शांतता. मग पुन्हा एक. मान पुढेमागे होताना गळ्यातून निघणारा तो बारीक आवाजही होता. गाणं सुरू होईल म्हणून ती थांबली. सुरू झालं नाही. पुन्हा श्वास. मग पुन्हा. ती खुर्चीचा हात घट्ट धरून बसली होती, आणि आपण वेडे नव्हतो हा विचार तिच्या डोक्यात आला, तोही परक्या माणसाने दारातून डोकावून जावं तसा.

"पूर्ण रीळभर असंच आहे," भाची म्हणाली. "एकही ओळ गायलेली नाही. आणि आत्या, नीट ऐक. फक्त घेतलेले आहेत."

"म्हणजे?"

"सोडलेला एकही नाही." मग घाईने, स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाली, "सोडताना तोंड फिरवत असेल माइकपासून. तसंच असणार."

त्याच संध्याकाळी दोघी दादाकडे गेल्या. दादा गॅलरीत बसला होता, कानात ऐकायचं यंत्र, मांडीवर वर्तमानपत्र. ढोलांनी त्याचे कान गेले होते आणि जिभेवरचा तीळही आता फिका पडला असावा, कारण तो फार बोलत नसे. त्याने तिचा सुजलेला गाल पाहून विचारलं, "जेवता येतंय का?" तिने सरळ विचारलं, "दादा, पारवा शेवटचा कधी आला होता?"

दादाने पेपरची घडी घातली. "त्या दुपारी," तो म्हणाला. जणू हा विषय मघाशीच चालू होता. "तू कॉलेजात होतीस. मिस्त्री जेवायला गेला होता. तो आला, म्हणाला एकट्याला एक गाणं म्हणायचंय, यंत्र लावून दे आणि वर जा. मी लावून दिलं. वर काचांची गाडी आली होती, ती उतरवून घेतली. खाली आलो तर टेपचं टोक फटफट फिरत होतं आणि तो नव्हता."

"जिना तर दुकानातूनच होता," ती म्हणाली. "तू दुकानातच होतास."

"हो."

"मग गेला कसा?"

दादाने हात पालथे करून पाहिले. "ते मी तेव्हापासून स्वतःला विचारतोय. गाडीच्या गडबडीत गेला असेल."

भाची काही बोलणार होती, आत्याने तिला डोळ्यांनी थांबवलं. "आणि त्याच्या आईला नाही म्हणालास."

"तो म्हणाला होता, मी आलो होतो हे सांगू नकोस. मी म्हटलं, असेल काहीतरी, येईल दोन दिवसांनी. म्हणून मावशींना नाही म्हणालो. मग पोलीस आले. आधी नाही म्हटलेलं, आता हो कसं म्हणू? रीळ मी ऐकलं होतं. त्यावर काही नव्हतं गं. रिकामंच होतं. म्हणून परत वापरायला काढलं." तो थांबला. ऐकायचं यंत्र त्याने उगाच बोटाने चाचपलं. "मग तू म्हणायला लागलीस, पारव्याचा श्वास ऐकू येतो. मला वाटलं, हिला कळलंय. मी लपवलंय ते हिला कळलंय आणि ही सगळ्यांसमोर मला टोचतेय. प्रत्येक रेकॉर्डला टोचतेय. मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले हिला भास होतात, तेव्हा मला किती सुटल्यासारखं झालं, काय सांगू तुला."

तिला राग यायला हवा होता. तो येतही होता, पण कुठूनतरी फार लांबून, आणि इकडे पोहोचेपर्यंत त्याचं काय झालं असतं कोण जाणे. समोर एक म्हातारा बसला होता, त्याची नखं पिवळी पडली होती, आणि तो तिचा दादा होता. इतकी वर्षं एकाच तळघरात दोघं एकमेकांना घाबरून उभी होती, मध्ये एक काच, आणि दोघांनाही वाटत होतं की पलीकडच्याला आपण आरपार दिसतोय.

"मला ऐकव," दादा म्हणाला.

भाचीने सोबत आणलेलं यंत्र टेबलावर ठेवलं, आणि दादाच्या कानातलं ऐकायचं यंत्र काढून तिथे मोठा हेडफोन चढवला, दुसरा आत्याच्या कानांवर. भाची स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली. श्वास सुरू झाले. दादाचा चेहरा हलला नाही. आता त्याला काय ऐकू येणार, असं तिला वाटलं, आणि मग तिने पाहिलं की त्याची छाती फुगतेय. टेपमधला श्वास आला की तो श्वास घेत होता. पुढचा आला की आणखी थोडा. तिने त्याच्या दंडाला हात लावला. दंड ताठ होता, मान पुढेमागे होत होती, ओठ निळसर पडत चालले होते. "दादा, सोड," ती म्हणाली. त्याने ऐकलं नाही. तिने त्याच्या कानांवरचा हेडफोन ओढून काढला, त्याच्या पाठीवर थापटलं, लहानपणी घास अडकल्यावर तो तिच्या पाठीवर थापटायचा तसं. "सोड रे, सोड ना." भाची धावत आली आणि तिने यंत्र बंद केलं. दादा खोकला, खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तो लहान मुलासारखा धापा टाकत तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसला. "आलं मला ऐकू," एवढंच म्हणाला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. भाची पाणी आणायला आत गेली.

गॅलरीत उजेड कमी होत चालला होता. दादाचा श्वास हळूहळू लयीत आला, नेहमीचा, म्हाताऱ्या माणसाचा. तेव्हा तिला कुणीतरी श्वास सोडतंय असं ऐकू आलं. सावकाश, लांब, न थरथरता. दादाचा नव्हता, त्याची छाती तिच्या हाताखाली होती आणि ती वेगळ्या तालात हलत होती. थोड्या वेळाने तिला कळलं की ओठ आपलेच विलग झाले आहेत आणि तो श्वास तिच्याच आतून बाहेर पडतो आहे. संपेल म्हणून ती थांबली. तो संपत नव्हता. एवढा तिने कधी आत घेतलेला नव्हता, तिच्यात एवढी जागाच नव्हती. एवढे श्वास फक्त त्या रिळावर होते, घेतलेले आणि कधी न सोडलेले. भाची पाण्याचा पेला घेऊन आली, आत्याकडे पाहून दारातच थांबली, आणि श्वास बाहेर येतच राहिला.